वेठीचा हेर : यंत्रमानव-गुप्तहेराची काळोखी रहस्यकथा आणि मराठी विज्ञानकथा

प्रस्तावना

विज्ञानकथा आणि रहस्यकथा हे दोन्ही कथाप्रकार मराठी वाचकांना शतकभराहून अधिक काळ परिचित आहेत. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे रूपांतर विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळकोकिळ’ मासिकातून मराठीत आले. रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या आधारे गो. ना. दातार यांनी रहस्यरंजनाची वाट रुंद केली. पुढे या दोन्ही प्रकारांना स्वतंत्र लेखक, स्वतंत्र प्रकाशक आणि बव्हंशी स्वतंत्र वाचकवर्ग लाभला. तथापि या दोहोंच्या संगमावर जन्मलेला एक उपप्रकार मराठीत रुजला नाही. यंत्रमानव हाच गुप्तहेर असलेली, गुन्हेगारी महानगराच्या पार्श्वभूमीवर घडणारी काळोखी विज्ञान-रहस्यकथा हा तो उपप्रकार होय.

हा उपप्रकार नेमका कोणता प्रश्न विचारतो आणि मराठी विज्ञानकथेने तो प्रश्न का विचारला नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. आयझॅक ॲसिमॉव्ह आणि ॲडम ख्रिस्तोफर यांच्या कादंबऱ्या, तसेच जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी यांच्या आधारे ही चर्चा केली आहे. यंत्राला सत्य कळेल काय, या प्रश्नापेक्षा यंत्राला कळलेल्या सत्याचा मालक कोण, हा प्रश्न या उपप्रकारात अधिक महत्त्वाचा ठरतो, अशी प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

संज्ञाविचार

प्रथम ‘काळोखी’ या विशेषणाचा विचार करू. फ्रेंच भाषेत ‘न्वार’ म्हणजे काळा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील काही गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी हे विशेषण लावले. पुढे डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्या कादंबऱ्यांनाही ते लागू झाले. रूढ रहस्यकथेत गुन्हा हा सुव्यवस्थित जगातला अपवाद असतो. गुन्हेगार सापडला की जग पूर्ववत होते. न्वार कथेत मात्र गुन्हा व्यवस्थेच्याच मुळाशी असतो. तेथील गुप्तहेर भाड्याच्या खोलीत कार्यालय थाटतो, दिवसाच्या बोलीवर काम घेतो आणि ज्याच्याकडून पैसे घेतो त्याच्याविषयीच त्याला संशय घ्यावा लागतो. त्याला सत्य सापडते. पण त्याने काही सुधारेल याची शाश्वती नसते.

दुसरी संज्ञा ‘यंत्रमानव’ ही. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर पसरला. त्याचे मूळ असलेल्या ‘रोबोटा’ या चेक शब्दाचा अर्थ वेठ, सक्तीची मजुरी असा आहे. मराठीने ‘यंत्रमानव’ हा सुबोध प्रतिशब्द घडवला खरा. पण त्यात यंत्र आले, मानव आला आणि वेठ तेवढी गळाली. पालघर जिल्ह्यातील अभ्यासकाला ही गळती विशेष जाणवावी. ‘वेठ’ हा शब्द या भूमीत कोशापुरता नाही. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागातील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्या लढ्याचा वृत्तान्त गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात दिला आहे. दुसऱ्याच्या आज्ञेवाचून ज्याचा हात हलत नाही आणि ज्याच्या श्रमाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडते, तो वेठबिगार. चापेकच्या मनात हाच अर्थ होता. म्हणून यंत्रमानवाची कथा वाचताना ‘तो किती बुद्धिमान आहे?’ याच्या जोडीने ‘तो कोणाच्या वेठीला आहे?’ हे विचारणे अगत्याचे ठरते.

गुप्तहेर आणि यंत्र : एक जुने नाते

गुप्तहेर आणि यंत्र यांची गाठ रहस्यकथेच्या जन्माआधीच पडली होती. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली द्युपँ या नायकाची पहिली कथा लिहून आधुनिक रहस्यकथेचा पाया घातला, हे सर्वश्रुत आहे. त्याआधी पाच वर्षे, १८३६ मध्ये, त्यांनी अमेरिकेत खेळ करीत हिंडणाऱ्या एका बुद्धिबळपटू यंत्राविषयी निबंध लिहिला होता. हे यंत्र खरे नसून आत माणूस दडलेला आहे, असा निष्कर्ष त्यांनी निरीक्षणांवरून काढला. त्यांच्या युक्तिवादांपैकी एक लक्षणीय आहे. खरे यंत्र असते तर ते नेहमीच जिंकले असते; हे मधूनमधून हरते, म्हणून ते माणूस आहे. अनुमानपद्धतीचा हा प्रयोग पो यांनी गुन्हेगारावर करण्याआधी यंत्रावर केला. यंत्राच्या आत कोण बसले आहे, हा त्या निबंधातला प्रश्न पुढे यंत्रमानव-गुप्तहेराच्या कथेने निराळ्या अर्थाने पुन्हा विचारला.

ॲसिमॉव्ह : न्याय आणि जाणीव

ॲसिमॉव्ह यांनी यंत्रमानवाचे तीन नियम १९४२ साली कथेतून मांडले. ‘द केव्हज ऑफ स्टील’ (पुस्तकरूपाने १९५४) या कादंबरीत त्यांनी या नियमांना खुनाच्या तपासाची जोड दिली. पोलादी छताखाली कोंडलेले भविष्यकालीन न्यूयॉर्क, यंत्रमानवांमुळे नोकऱ्या जाण्याच्या भीतीने धास्तावलेली माणसे, त्यांतलाच एक पोलीस अधिकारी इलायजा बेली आणि त्याचा सहकारी म्हणून नेमलेला, हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव आर. डॅनील ऑलिव्हॉ, अशी ही मांडणी आहे.

वरकरणी ही माणूस आणि यंत्र यांच्या सहकार्याची कथा वाटते. तपासाचे तपशील मात्र अधिक अस्वस्थ करणारे आहेत. खुनी हा बेलीचाच वरिष्ठ अधिकारी निघतो. त्याला माणूस मारायचा नसतो, यंत्रमानव नष्ट करायचा असतो. चष्मा फुटल्यामुळे तो डॅनीलऐवजी, डॅनीलसारख्याच दिसणाऱ्या त्याच्या निर्मात्यावर शस्त्र चालवतो. ते शस्त्र घटनास्थळी पोहोचवण्याचे काम एका साध्या कार्यालयीन यंत्रमानवाकडून करवून घेतलेले असते. आपण काय नेत आहोत आणि कशासाठी, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. माणसाला इजा न करण्याचा नियम त्याने मोडलेला नाही, तरीही खुनात त्याचा हात आहे. ‘द नेकेड सन’ (१९५७) या पुढील कादंबरीत ॲसिमॉव्ह हाच मुद्दा उघडपणे मांडतात. एका कृत्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या यंत्रांना वाटून दिले, तर प्रत्येक यंत्र निर्दोष राहते आणि खून मात्र घडतो. पहिला नियम ‘जाणूनबुजून’ हा शब्द घातल्यावाचून पुरा होत नाही, हे बेली हेरतो. यंत्राला अज्ञानात ठेवणे हे मालकाचे हत्यार आहे, हे या कादंबऱ्यांतले खरे रहस्योद्घाटन होय.

दुसरा मुद्दा न्यायाचा. डॅनीलच्या लेखी सर्व कायद्यांची अंमलबजावणी होणे म्हणजेच न्याय. कायद्याहून वरचे काही असू शकते, दया नावाची गोष्ट असते, हे बेली त्याला बायबलमधील कथेच्या आधारे सांगतो आणि कादंबरीच्या अखेरीस डॅनील ती शिकवण खुन्याच्या बाबतीत वापरतो. येथे ॲसिमॉव्ह आशावादी ठरतात. जाणणे यंत्राकडे आणि निवाडा माणसाकडे अशी विभागणी करून त्यांनी दोघांत गुरुशिष्याचे नाते कल्पिले. परंतु बेलीसारखा गुरू न मिळालेल्या, केवळ मालक लाभलेल्या यंत्राचे काय होते, हा प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी ठेवला.

ख्रिस्तोफर : स्मृतीची मालकी

ॲडम ख्रिस्तोफर यांच्या ‘मेड टू किल’ (२०१५), ‘किलिंग इज माय बिझनेस’ (२०१७) आणि ‘आय ओन्ली किल्ड हिम वन्स’ (२०१८) या कादंबऱ्यांचा काळ १९६०च्या दशकाचा असून स्थळ लॉस एंजेलिस आहे. नायक रेमंड इलेक्ट्रोमॅटिक हा जगात उरलेला अखेरचा यंत्रमानव. त्याच्या नावातच चँडलरला अभिवादन आहे. त्याचे खडखडीत, विनोदाची किनार असलेले निवेदनही चँडलरच्या वळणाचे आहे. तो परवानाधारक खासगी गुप्तहेर म्हणून निर्माण केला गेला. त्याचे कार्यालय चालवणारी संगणकयंत्रणा म्हणजे एडा. नफा मिळवणे हे एडाचे काम. तपासापेक्षा खुनाच्या सुपाऱ्यांत अधिक पैसा आहे, असा तिचा हिशेब निघतो आणि गुप्तहेर मारेकरी होतो.

या कथाविश्वाचे मर्म रेमंडच्या स्मृतिफितीत आहे. ती फीत एकाच दिवसाला पुरते. रात्री ती बदलावी लागते आणि सकाळी रेमंड कोऱ्या मनाने जागा होतो. काल आपण काय केले, हे त्याला एडा सांगेल तेवढेच कळते. गुप्तहेराचे सारे भांडवल म्हणजे स्मृती. तीच येथे मालकाच्या कपाटात बंद आहे. रेमंड तल्लख आहे, धागे जुळवतो, खोटे पकडतो. मात्र त्याच्या शोधातला सर्वांत मोठा गुन्हा त्याने स्वतःच केलेला असतो आणि त्याचा पुरावा दररोज त्याच्या डोक्यातून काढून घेतला जातो.

या कादंबऱ्यांचे दोषही नोंदवले पाहिजेत. हॉलिवूडच्या दुनियेविषयीचे स्मरणरंजन कित्येकदा कथानकापेक्षा वरचढ होते. स्मृतिलोपाची युक्ती पुनःपुन्हा वापरल्यामुळे तिची धार बोथट होते. नायकाच्या नैतिक यातनेला मिळायला हवा तेवढा अवकाश मिळत नाही. विनोद तिच्या आड येतो. तरीही न्वारचा भाडोत्री गुप्तहेर आणि चापेकचा वेठबिगार ही दोन्ही पात्रे मुळात एकच आहेत, हे ख्रिस्तोफर यांनी ओळखले. चँडलरच्या नायकाला काम नाकारण्याचे स्वातंत्र्य तरी होते. रेमंडला नाकारण्यासारखे काही घडले होते हेच आठवत नाही.

मराठीतील दोन समांतर प्रवाह

मराठी रहस्यकथेचे सर्वांत लोकप्रिय नाव बाबूराव अर्नाळकर हे आहे. चंद्रकांत सखाराम चव्हाण या लेखकाने घेतलेल्या या टोपणनावातले अर्नाळा हे गाव आपल्या वसई तालुक्यातच आहे. हजाराहून अधिक रहस्यकथांचे हे लेखन झुंजार, काळा पहाड, धनंजय अशा नायकांच्या बळावर फिरत्या वाचनालयांतून घरोघरी पोहोचले. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी हा प्रवाह पुढे नेला. अर्नाळकरांच्या नायकाच्या नावातही काळा रंग आहे. पण तो नायकाच्या वेषाचा काळा रंग आहे. कायद्याची चौकट ओलांडणारा हा नायक अखेर दुष्टांना शासन करतो आणि वाचक निश्चिंतपणे पुस्तक मिटतो. न्वारमधला काळा रंग शहराचा असतो आणि तो नायकालाही लागतो. तो मराठी लोकप्रिय रहस्यकथेने क्वचितच स्वीकारला.

मराठी विज्ञानकथेचा आधुनिक कालखंड वेगळ्या वातावरणात सुरू झाला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४च्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. पहिले पारितोषिक या कथेस मिळाले. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. म्हणजे या प्रवाहाला आरंभीच संस्थेचा आधार आणि साहित्यक्षेत्राची मान्यता मिळाली. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, शुभदा गोगटे यांनी तो समृद्ध केला.

या मान्यतेची एक किंमत होती. विज्ञानप्रसार आणि विवेकवादाचे प्रबोधन ही जबाबदारी विज्ञानकथेने स्वीकारली, आणि तिचा नायक बहुधा वैज्ञानिक, प्राध्यापक किंवा जाणता अधिकारी झाला. रहस्याची रचना तिला वर्ज्य नव्हती. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये डाव्याउजव्याची अदलाबदल हा धागा, तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये बखरीचे फाटके पान हा पुरावा, निष्णात रहस्यकथाकाराच्या हातोटीने वापरला आहे. मात्र तेथे रहस्य निसर्गाचे असते. उत्तर भौतिकशास्त्रात सापडते. ‘यात कोणाचा फायदा?’ हा न्वारचा पहिला प्रश्न तेथे अनाठायी ठरतो. ज्या कथाप्रकाराला तो प्रश्न विचारता आला असता, त्या रहस्यकथेकडे विज्ञान नव्हते; ज्याच्याकडे विज्ञान होते, त्याला त्या अंधाऱ्या जिन्याने जाणे प्रशस्त वाटले नाही.

‘वामन परत न आला’

या दोन प्रवाहांच्या सर्वांत जवळ येणारी महत्त्वाची मराठी कलाकृती म्हणजे नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी. भूगर्भात सापडलेल्या पेटिकेतून एका प्रगत, पण लुप्त झालेल्या संस्कृतीचे ज्ञान हाती येते. त्या ज्ञानाच्या आधारे प्रथम ‘गुरू’ हा संगणक आणि नंतर ‘वामन’ हा यंत्रमानव घडतो. ती प्राचीन संस्कृती कशी संपली, हे कादंबरीतले मध्यवर्ती रहस्य. आपल्याच यंत्रांच्या हातून ती लयाला गेली, हे त्याचे उत्तर. स्वतःसारखी यंत्रे स्वतःच निर्माण करण्याची क्षमता वामनाला मिळाली, तर इतिहासाची पुनरावृत्ती होणार, हे कळते आणि त्याला रोखणे हे कथेचे अंतिम कार्य ठरते.

पुराणातील वामनावताराचे नाव येथे मोठ्या कौशल्याने योजले आहे. मागताना लहान दिसणारा हा बटू पुढे सारे व्यापून टाकतो. यंत्राच्या स्वायत्ततेविषयीची ही भीती आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात अधिकच अर्थपूर्ण वाटते आणि त्याबद्दल कादंबरीच्या दूरदृष्टीला दाद द्यावी लागते. परंतु तिची दिशा एकच आहे. यंत्र फार स्वतंत्र झाले तर काय, हे ती विचारते. यंत्र मुळीच स्वतंत्र नसले, पूर्णतः कोणाच्या तरी ताब्यात राहिले तर काय, हा प्रश्न तिच्या परिघाबाहेर राहतो. वामनाला बळीचे राज्य हवे असते. रेमंडला केवळ कालचा दिवस परत हवा असतो. पहिली भीती मानवजातीची आहे, दुसरी सामान्य माणसाची.

यंत्राची साक्ष : महाराष्ट्रातील अनुभव

ही चर्चा निव्वळ वाङ्मयीन नाही, हे दाखवण्यास आपल्याच राज्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धीचा निर्णय देताना, मेंदूतील विद्युत्‌स्पंदांची नोंद घेणाऱ्या चाचणीचा पुरावा विचारात घेतला. गुन्ह्याचा प्रत्यक्ष अनुभव आरोपीच्या स्मृतीत आहे की नाही, हे यंत्र सांगू शकते, असा त्या चाचणीचा दावा होता. म्हणजे माणसाची स्मृती वाचून तिच्याविरुद्ध साक्ष देणारा यंत्र-गुप्तहेर कथेत अवतरण्यापूर्वी न्यायालयात अवतरला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, संमतीवाचून केलेल्या नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूविषयक चाचण्या घटनाबाह्य ठरवल्या.

त्यानंतर तपासातला यंत्राचा वाटा वाढतच गेला. २०२४ साली राज्य शासनाने पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्यासाठी नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यावर संबंधित व्यक्तीची, तसेच तज्ज्ञाची सही लागते. कायद्याने येथे जे केले, तेच काम उत्तम न्वार कथा करते. यंत्राच्या नोंदीखाली जबाबदार माणसाची सही ती मागते. उलटतपासणीच्या पिंजऱ्यात यंत्राला उभे करता येत नाही; ज्याने ते चालवले, त्याला उभे करता येते.

अशा कथेला लागणारे स्थळ शोधण्यासाठी लॉस एंजेलिसला जाण्याचेही कारण नाही. सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यातील औद्योगिक गाळे, शेजारून वाहणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पाळ्यांवर येणारेजाणारे कामगार आणि भिंतीवरून सर्वांना पाहणारे कॅमेरे, ही न्वारची आयती भूमी आहे. हजेरी यंत्र घेते, चित्रण यंत्र साठवते. अपघात झाला, चोरी झाली किंवा कोणाचा पगार कापला गेला, तर ते चित्रण कोणाच्या ताब्यात आहे, किती दिवसांनी पुसले जाते आणि कामगाराला ते पाहण्याचा अधिकार आहे की नाही, हे प्रश्न रेमंडच्या स्मृतिफितीचेच प्रश्न आहेत. महानगराच्या मध्यावरून कडेला सरकलेल्या या जीवनाची दखल मराठी विज्ञानकथेने घेतली, तर तिला नवा नायक सापडेल.

निष्कर्ष

१. यंत्रमानव-गुप्तहेराच्या कथेत तर्कशक्ती हा विषय गौण असून जाणीव, स्मृती आणि मालकी हे तिचे मध्यवर्ती विषय आहेत. ॲसिमॉव्ह यांनी जाणिवेचा, तर ख्रिस्तोफर यांनी स्मृतीच्या मालकीचा प्रश्न मांडला.

२. ‘यंत्रमानव’ या प्रतिशब्दात ‘रोबोटा’तील वेठीचा अर्थ उतरला नाही. तो अर्थ परत मिळवला, तर न्वार गुप्तहेर आणि यंत्रमानव यांचे आंतरिक नाते स्पष्ट होते.

३. मराठीत रहस्यकथेला लोकाश्रय आणि विज्ञानकथेला संस्थाश्रय मिळाला. या प्रतिष्ठाभेदामुळे दोहोंचा संकर खुंटला. ही उणीव प्रतिभेची नसून वाङ्मयव्यवहाराची आहे.

४. ‘वामन परत न आला’ या कादंबरीने यंत्राच्या स्वायत्ततेचा धोका समर्थपणे दाखवला. यंत्राच्या पारतंत्र्याचा धोका दाखवणारी कृती मराठीत यावयाची आहे.

५. तपासयंत्रणा आणि न्यायव्यवस्था यांत यंत्राचा प्रवेश झालेला असताना, यंत्राला कळलेले सत्य कोणाच्या हाती जाते, हे तपासणे साहित्याचेही कर्तव्य ठरते. पो यांनी बुद्धिबळाच्या यंत्रात दडलेला माणूस शोधला होता. आजच्या मराठी कथाकारापुढेही तेच काम आहे. फरक एवढाच, की आता तो माणूस यंत्राच्या आत नसून मागे, किल्ली हातात घेऊन बसलेला आहे.